लस आणि संशय

लसीविषयीचा संशय आजचा नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला. डॉ. हाफकिन यांनी तेथेच लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढे १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावी एका दिवशी १०७ जणांस लस टोचली. त्यांतील १९ धनुर्वाताने दगावले. हाफकिन यांस कामावरून दूर केले गेले. पण ते १९ जण एकाच बाटलीतून टोचलेले होते. बाकीचे सुखरूप राहिले. दोष लसीचा नव्हे, त्या बाटलीत शिरलेल्या जंतूंचा! १९०७ साली हाफकिन निर्दोष ठरले.

१९९८ साली इंग्लंडात डॉ. वेकफील्ड यांनी अवघ्या १२ मुलांवरून गोवराच्या लसीचा संबंध स्वमग्नतेशी जोडला. लसीविरुद्ध दावा मांडणाऱ्या वकिलांकडून त्यांस पैसे मिळाल्याचे मागाहून उघडकीस आले. २०१० साली तो लेख मागे घेतला गेला. २०१९ साली डेन्मार्कात साडेसहा लाखांवर मुलांची पाहणी झाली. असा संबंध आढळला नाही.

हिशेब तपासल्यावाचून सही करू नका, असे आम्ही संघटनेची माणसे कामगारांस सांगत आलो. डॉक्टरांच्या हिशेबासही तोच नियम. मात्र हिशेब जुळल्यावरही सही नाकारणे हा बाणेदारपणा नव्हे. तिची किंमत मुले भरतात. स्वमग्न मुलाच्या आईस 'तूच टोचून आणलेस' हे ऐकावे लागते. बाळापूरकरहो, तो खोटा आळ तिच्या माथ्यावरून उतरविणे हे आपणा सर्वांचे काम आहे.