पुस्तकातून शिकलेलं सूत

मुंबई-गोवा महामार्गानं पेण मागे टाकलं, की वडखळच्या आसपास डोलवीच्या पोलाद कारखान्याची धुराडी दिसू लागतात. आज डोलवीची ओळख ती हीच. पण हा कारखाना आला 1990च्या दशकात. त्याआधी हा सगळा मुलूख भातखाचरांचा, खारेपाटातल्या बांधांचा आणि धरमतरच्या खाडीचा.

याच भागातल्या एका शाळेत 1960च्या सुमारास मी चौथीत होतो. आठवड्यातून दोनदा सूतकताईचा तास असे. प्रत्येकाकडे पितळी चकतीची टकळी आणि डब्यात चार पेळू. आमचे गुरुजी टेबलावर एक पुस्तिका उघडी ठेवत. एक वाक्य वाचायचे, टकळीला गिरकी द्यायचे, धागा तुटला की पुन्हा पुस्तिकेत डोकवायचे. गुरुजींनाही कातता येत नव्हतं, ते आमच्यापुढे जेमतेम एक धडा होते, हे मला फार उशिरा उमगलं.

घरी येऊन आजीला विचारलं. ती म्हणाली, "आपल्याकडे कापूस कुठं पिकतो, बाबा? भात कांडायला सांग."

आजीचं खरंच होतं. आणि जिथं कापूस पिकत होता, तिथंही घरोघरचे चरखे माळ्यावर गेले होते. आधी विलायती सूत आलं. मग 1850च्या दशकात मुंबईत कावसजी दावर यांची कापड गिरणी उभी राहिली आणि तिच्यामागून इतर गिरण्या आल्या. आईनं लेकीला शिकवायचं, ही साखळी दोन-तीन पिढ्यांत तुटली.

किती तुटली? गांधीजींनी 1909 साली 'हिंद स्वराज्य'मध्ये हातमाग-चरख्याचा पुरस्कार केला, तेव्हा या वस्तू प्रत्यक्ष पाहिल्याचं आपल्याला आठवत नाही, अशी कबुली त्यांनीच आत्मकथेत दिली आहे. आश्रमात माग सुरू झाले तेही गिरणीच्या सुतावर. पुढे गंगाबेन मजमुदार या बाईंनी शोध शोध शोधून बडोदे संस्थानातल्या विजापूरला चरखे हुडकून काढले. पेळू मिळाले आणि सूत विकत घेतलं गेलं, तर कातायला तिथले लोक तयार होते.

मग प्रश्न आला शिकवण्याचा. हजारो माणसांना शिकवायला तेवढे हात आणायचे कुठून? म्हणून पुस्तकं लिहिली गेली. मगनलाल गांधींनी 'चरखा शास्त्र' लिहिलं. 1926 साली त्यांनी आणि रिचर्ड ग्रेग या अमेरिकन गृहस्थांनी मिळून 'टकली टीचर' ही इंग्रजी पुस्तिका काढली. शतकानुशतकं बायकांच्या बोटांत राहिलेली विद्या अशी प्रथमच धड्याधड्यांनी कागदावर येत होती.

पण घाई नडली. डिसेंबर 1924 मध्ये बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनात, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली ठरलं, की सभासदानं दरमहा 2000 यार्ड सूत द्यावं. ज्याला कातायचं नसेल त्यानं दुसऱ्यानं कातलेलं दिलं तरी चालेल, अशी सवलतही ठेवली. तरीही हे ओझं पेललं नाही. सप्टेंबर 1925 मध्ये पाटण्याला नियम सैल झाला. वर्षाला चार आणे द्या, नाहीतर स्वतः कातलेलं 2000 यार्ड सूत द्या.

कठीण काय होतं, ते टकळी हातात घेतल्याशिवाय कळत नाही. डाव्या हातात पेळू, उजव्या हातानं गिरकी. पीळ चढतो त्याच वेगानं पेळूतून तंतू सुटले पाहिजेत. हात मागे राहिला तर पीळ पेळूत शिरतो आणि गाठ होते. हात पुढे पळाला तर पीळ पुरत नाही, धागा विरतो. पीळ जास्त झाला तर सुताच्या अढ्या पडतात. आणि कापूस नीट पिंजलेला नसेल, तर दोष पेळूचा असून शिकणारा आपल्या बोटांना बोल लावतो. पुस्तक तुमचा हात धरू शकत नाही. पण धागा तुटला तर का तुटला असेल, ते सांगू शकतं.

हे ज्यानं पुरतं जाणलं, तो माणूस आमच्याच पेण तालुक्यातला. गागोदे गावी 11 सप्टेंबर 1895 रोजी जन्मलेले विनायक नरहर भावे, म्हणजे विनोबा. 1916 साली ते गांधीजींच्या आश्रमात गेले, 1921 मध्ये वर्ध्याला आले. पुढे नालवाडीत असताना कातणाऱ्याला जी मजुरी मिळते तिच्यात जगून पाहायचं म्हणून ते रोज तासन् तास कातत बसले. 1937 साली वर्ध्याला शिक्षण परिषद झाली, झाकिर हुसेन समिती नेमली गेली. त्या समितीत विनोबा होते. शाळेत टकळी आली ती या वाटेनं. शिक्षकांच्या हाती काही असावं म्हणून विनोबांनी कातण्यावर स्वतंत्र पुस्तकही लिहिलं. उपनिषदांवर लिहिणारा माणूस तितक्याच गंभीरपणे पेळूवर लिहीत होता.

आमच्या वर्गापर्यंत येता येता मात्र त्या योजनेतला जीव गेला होता. कातता कातता गणित, भूगोल शिकवायचा होता. उरला तो एक तास आणि एक पुस्तिका. थोड्याच वर्षांत तोही तास वेळापत्रकातून गेला. आणि ज्या गिरण्यांनी चरखे माळ्यावर धाडले, ज्यांत कोकणातली हजारो माणसं राबली, त्याही 1982च्या संपानंतर एकेक करून बंद पडत गेल्या. गिरणीतल्या कामगारांच्या बोटांतलं कसब कुणी धड्याधड्यांनी लिहून ठेवलं की नाही, कोण जाणे.

चार फुटांची एक तार, 160 तारांची एक लटी, चार लट्यांची एक गुंडी. माझी पहिली लटी पुरी व्हायला अख्खी सहामाही लागली. सूत कुठं सुतळीएवढं, कुठं केसाएवढं. गुरुजींनी ती हातात घेतली, उलटीसुलटी पाहिली आणि विचारलं, "इथं पातळ कसं काय निघालं रे? मला दाखव बघू."

मी त्यांच्याशेजारी बसलो आणि टकळी फिरवून दाखवली. त्या दिवशी पुस्तिका मिटलेलीच राहिली.