पुसलेल्या फिती आणि उरलेली पुस्तके

कीर्तनकार उत्तररंगात जे आख्यान लावतो, ते त्याचे स्वतःचे नसते. ध्रुवाची कथा त्याच्या आधी हजारांनी सांगितलेली असते आणि श्रोत्यांनाही ती पाठ असते. तरीही एका बुवांच्या तोंडून ती ऐकताना आजीचे डोळे पाणावतात आणि दुसऱ्या बुवांच्या वेळी तिला डुलकी लागते. कथा तीच; सांगणारा निराळा. आपल्याकडे चांगले सांगणाऱ्याला मान आहे. छापील पुस्तकांच्या जगात मात्र दुसऱ्याची कथा सांगणाऱ्या लेखकाकडे जरा खालच्या नजरेनेच पाहिले जाते. त्यातून ती कथा दूरचित्रवाणीवरच्या, मुलांनी उचलून धरलेल्या एखाद्या मालिकेतली असेल तर मग विचारूच नका! अशाच एका इंग्रज लेखकाची हकीकत येथे सांगावयाची आहे. त्याचे नाव टेरन्स डिक्स.

१४ एप्रिल १९३५ रोजी लंडनच्या पूर्वेकडील ईस्ट हॅम येथे त्याचा जन्म झाला. तो भाग साध्या, कष्टकरी माणसांचा. मुलगा हुशार निघाला आणि केंब्रिजच्या डाउनिंग महाविद्यालयात इंग्रजी साहित्य शिकावयास गेला. त्या काळी त्या महाविद्यालयात एफ. आर. लीव्हिस यांचा दबदबा होता. लीव्हिस म्हणजे इंग्रजी समीक्षेतले जमदग्नी! सिनेमा, जाहिराती आणि बाजारी कादंबऱ्या यांनी समाजाची अभिरुची नासविली, हे त्यांचे ठाम मत. त्यांच्या महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या या विद्यार्थ्याने सक्तीची लष्करी नोकरी आटोपली आणि पाच वर्षे केले काय, तर जाहिराती लिहिल्या!

पण तो काळ वाया गेला असे म्हणवत नाही. थोडक्या शब्दांत, ठरल्या वेळेत आणि कोणालाही कळेल असे लिहावे, ही शिस्त त्याच्या हाताला तेथेच लागली असावी. पुढे माल्कम हल्क या अनुभवी लेखकमित्राच्या सोबतीने तो दूरचित्रवाणीसाठी लिहू लागला आणि १९६८ साली बी. बी. सी.च्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेचा साहाय्यक संहिता-संपादक म्हणून रुजू झाला.

ही मालिका २३ नोव्हेंबर १९६३ या शनिवारी सुरू झाली. तिचा नायक ‘डॉक्टर’ हा काळातून प्रवास करणारा एक विक्षिप्त, दयाळू गृहस्थ. त्याचे यान बाहेरून पाहावे तर पोलिसांची निळी टेलिफोन-पेटी, आत शिरावे तर वाड्याहून मोठे. शनिवारी संध्याकाळी आईबाप आणि मुले एकत्र बसून ही मालिका पाहत. राक्षस पडद्यावर आला की मुले सोफ्यामागे दडत, असे इंग्लंडात आजही कौतुकाने सांगतात.

संहिता-संपादक म्हणजे काय, हे पाहणाऱ्याला कधी कळत नाही. लेखकाची संहिता वेळेवर आणावी, अडली तर दुरुस्त करावी, अगदीच बुडाली तर स्वतः लिहावी, आणि नाव दुसऱ्याचे राहू द्यावे, असे ते काम. १९६९ साली ठरलेल्या कथा फसल्या, तेव्हा डिक्स आणि हल्क यांनी घाईघाईने दहा भागांची एक कथा लिहून काढली. डॉक्टर हा ‘टाइम लॉर्ड’ नावाच्या कालस्वामींच्या जातीचा आहे, हे प्रेक्षकांना प्रथम त्या कथेत कळले. मालिकेचा आजवरचा इतिहास ज्या कल्पनेवर उभा आहे, ती अशी अडचणीच्या वेळी पुढे आली.

१९७३ साली ‘टार्गेट’ या पेपरबॅक प्रकाशनाने ‘डॉक्टर हू’ची तीन जुनी पुस्तके पुन्हा छापली. ती हातोहात खपली. आणखी पुस्तके हवीत, म्हणून प्रकाशकांनी बी. बी. सी.कडे विचारणा केली आणि काम डिक्सकडे आले. त्याचे पहिले पुस्तक जानेवारी १९७४ मध्ये निघाले. रॉबर्ट होम्स यांच्या कथेवर ते बेतले होते. त्याच वर्षी डिक्सने संपादकाची खुर्ची सोडली. पुस्तकांचे काम मात्र सुटले नाही. १९९० पर्यंत त्याने अशी साठाहून अधिक पुस्तके लिहिली. आपल्याकडच्या बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची संख्या ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या आकड्याचे भय वाटणार नाही. पण एकट्या माणसाने टंकलेखन यंत्रापुढे बसून केलेले हे काम लहान नव्हे.

पुस्तक साधारण सव्वाशे पानांचे. वाक्ये छोटी, शब्द ओळखीचे, आणि प्रकरण अशा जागी तोडलेले की दिवा मालविण्याची आज्ञा झालेल्या मुलाने पांघरुणात बॅटरी घ्यावी! अदृश्य होताना ते निळे यान जो घरघरणारा, कण्हणारा आवाज करी, त्यासाठी डिक्सने दोन विशेषणे एकदा निवडली आणि पुस्तकामागून पुस्तकात तीच वापरली. मुलांना ती तोंडपाठ झाली. कीर्तनातल्या ठरलेल्या पदाची श्रोता जशी वाट पाहतो, तशी ती त्या शब्दांची वाट पाहत. सगळीच पुस्तके सारखी उतरली असेही नाही. घाईच्या काळातली काही पाहिली, तर संवादांना ‘तो म्हणाला’ जोडण्यापलीकडे त्यांत फारसे काही नाही. पण जेथे त्याचे मन रमले तेथे तो पडद्याच्या पुढे गेला. १९६७ सालच्या एका कथेत हिमालयातला मठ आणि हिममानव होते. चित्रण झाले वेल्सच्या डोंगरात, आणि पडद्यावरच्या हिमालयात बर्फाचा पत्ता नव्हता! पुस्तकात हिमालय उभा करावयास पैसा लागत नाही. डिक्सने १९७४ मध्ये त्या कथेचे पुस्तक केले आणि वाचणाऱ्या मुलाच्या मनात खराखुरा हिमालय उभा राहिला.

तोवर एक विलक्षण गोष्ट घडून गेली होती. त्या सहा भागांपैकी पाच आज बी. बी. सी.जवळ नाहीत. ते पुसून टाकले गेले!

आजच्या वाचकाला हे खरे वाटणार नाही. पण त्या काळचा हिशेब वेगळा होता. चित्रफीत दोन इंच रुंद, महाग, आणि पुसून पुन्हा वापरता येण्याजोगी. नटांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे जुने कार्यक्रम हवे तितक्या वेळा दाखविता येत नसत. रंगीत चित्रे आल्यावर कृष्णधवल कार्यक्रमांना गिऱ्हाईक उरले नाही. घरोघरी चित्रफिती विकता येतील, हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. मग फडताळातली जागा अडवून काय करावयाचे? परदेशी केंद्रांना पाठविण्यासाठी फिल्मवर नकला काढीत, त्यांपैकीही बऱ्याच नष्ट झाल्या. १९७८ च्या सुमारास हा प्रकार थांबला. पहिल्या सहा वर्षांतले नव्वदाहून अधिक भाग तेव्हापासून आजवर सापडलेले नाहीत. कोणी दुष्टपणा केला असे नाही. पाटी भरली की पुसावी, इतक्याच सहजतेने ते घडले.

आणि मग काय उरले? काही मुलांनी दूरचित्रवाणी-संचापुढे ध्वनिमुद्रक धरून टिपलेले आवाज उरले, काही छायाचित्रे उरली, आणि टार्गेटची ती स्वस्त पुस्तके उरली. मालिकेची पहिली व्हिडिओ कॅसेट निघाली ती १९८३ साली. तोपर्यंत, आपल्या जन्माआधी डॉक्टरने काय केले हे ज्या मुलाला जाणावयाचे असे, त्याला वाचण्यावाचून गत्यंतर नव्हते. एरवी पुस्तक हाती न धरणारी कितीतरी मुले अशी वाचनाला लागली.

एक उदाहरण सांगितल्यावाचून राहवत नाही. १९६८ च्या एका कथेत लंडनच्या भुयारी रेल्वेत हिममानव शिरतात. पुढे डॉक्टरचा जिवलग मित्र ठरलेला लष्करी अधिकारी लेथब्रिज-स्ट्युअर्ट याच कथेच्या तिसऱ्या भागात प्रथम समोर येतो. दुसऱ्या भागाच्या वेळी डॉक्टरची भूमिका करणारा पॅट्रिक ट्राउटन रजेवर होता. तेव्हा त्या दोघांची पहिली गाठ पडद्याआडच पडली. प्रेक्षकांना ती दिसलीच नाही. १९७६ मध्ये डिक्सने या कथेचे पुस्तक लिहिले आणि ती राहून गेलेली भेट, बोगद्याच्या अंधारातली, त्यात घातली. २०१३ साली नायजेरियातल्या जोस गावी या कथेच्या फिल्म सापडल्याचे जाहीर झाले. जगभर आनंदीआनंद झाला. पण तिसरा भाग तेवढा त्यांत नव्हता! ज्या मैत्रीवर पुढची कितीतरी वर्षे मालिका चालली, तिची पहिली भेट वाचावयास मिळते ती एका ‘दुय्यम’ लेखकाच्या सव्वाशे पानी पुस्तकात.

डिक्सने मुलांसाठी स्वतःच्या कल्पनेतलीही पुष्कळ पुस्तके लिहिली. १९८० नंतरच्या दशकात त्याने बी. बी. सी.वर अभिजात कादंबऱ्यांच्या मालिकांची निर्मितीही केली. २९ ऑगस्ट २०१९ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, तो वारला. त्याच्या आदल्याच वर्षी, २०१८ साली, टार्गेटच्या जुन्या थाटात नवी पुस्तके निघाली होती. रसेल टी. डेव्हिस आणि स्टीव्हन मॉफट या दोघांनी एकविसाव्या शतकात ही मालिका नव्याने उभी केली. त्यांनीही तेव्हा आपापल्या कथांची पुस्तके स्वतः लिहिली. मोठ्या पडद्यावर नाव झालेल्या माणसांना या लहान पुस्तकाचा मोह पडावा, यातच सारे आले.

लीव्हिस यांच्या तराजूत ही साठ पुस्तके बसली नसती, आणि बसवू पाहण्याचे कारणही नाही. डिक्सला थोर साहित्य निर्माण करावयाचे नव्हते. शनिवारी संध्याकाळी सांगितलेली गोष्ट सोमवारी शाळेत जाणाऱ्या मुलाच्या दप्तरात नीट पोहोचवावयाची होती. या दिवाळीत फराळाच्या ताटाशेजारी एखादे फाटक्या मुखपृष्ठाचे गोष्टीचे पुस्तक घरात कोठे सापडले, तर ते रद्दीत टाकण्यापूर्वी वाचकांनी एकवार उघडून पाहावे. ते कोणीतरी ठरल्या तारखेला, थोड्या पैशांत, पण मन लावून लिहिलेले असेल.