अपिलाची वाट

वरच्या कोर्टात दाद मागण्याची सोय कायद्यात असणे ही एक गोष्ट. ती गरिबाच्या हाती लागणे ही दुसरी. आम्ही कामगार-चळवळीतली माणसे इंग्लंडचा इतिहास वाचतो तो हे अंतर मोजण्यासाठी.

१८२३ च्या मालक-नोकर कायद्यान्वये करार मोडून काम सोडणाऱ्या मजुराला ३ महिन्यांपर्यंत सक्तमजुरी होई. मालकाने करार मोडला तर मात्र त्याच्यावर नुसता दिवाणी दावा! मजुराचा निकाल मॅजिस्ट्रेट देई, ज्यूरी नसे. आणि मॅजिस्ट्रेट बहुधा मालकांच्याच बैठकीतला.

१८४३ साली खाणकामगारांच्या संघाने डब्ल्यू. पी. रॉबर्ट्‌स हे चार्टिस्ट वकील नेमले. वॉरंटातल्या चुका हेरून ते कैद्यांना लंडनच्या क्वीन्स बेंच कोर्टापुढे नेत व सोडवून आणीत. लोक त्यांना ‘खाणकामगारांचे ॲटर्नी-जनरल’ म्हणू लागले.

पण वॉरंटातली चूक म्हणजे अपील नव्हे. १८५७ मध्ये कायद्याच्या मुद्द्यापुरते प्रकरण वरिष्ठ कोर्टाकडे नेण्याची वाट झाली. १८७५ त करारभंगाबद्दलची कैद बहुतांशी गेली. १८७९ त, गुन्हा नाकबूल करूनही दंडाचा पर्याय न देता तुरुंगात धाडलेल्याला तिमाही सेशन्स कोर्टात अपील मिळाले. १९७२ पासून ते काम क्राउन कोर्टाकडे आले.

कायदे पार्लमेंटने केले, हे खरे. परंतु वरच्या कोर्टाची पायरी एकट्या मजुराला चढवत नव्हती. हजारोंच्या वर्गणीने त्याला तेथवर नेले, हे आम्ही विसरू नये.