धातुरसाच्या पोटातील घडण

जव्हार-मोखाड्याकडे, जामसरसारख्या गावी, नागली मापताना माप हलवून ठोकले की दाणे खाली बसतात. पण कितीही ठोकले तरी मधल्या फटी राहतातच. या साध्या व्यवहारात शास्त्रज्ञांना पुष्कळ दिवस छळणारे एक कोडे आहे.

शिसे वितळले की त्याचे आकारमान शेकडा तीन-चारच वाढते. अणू जवळजवळ पूर्वीइतकेच दाटीने असतात. मग घट्टपणा जातो कोठे? द्रव म्हणजे दाट झालेला वायू, असे कोणी म्हणे. कोणी म्हणे, तो मोडका स्फटिक. क्ष-किरणांवरून एवढे कळले की धातुरसात अणूला जवळचे शेजारी असतात, दूरवरची रांग मात्र नसते.

लंडनच्या बर्कबेक महाविद्यालयातील जे. डी. बर्नाल यांनी १९५९ च्या सुमारास दोन्ही मते बाजूस सारली. द्रवाला स्वतःचीच घडण आहे, असे त्यांचे म्हणणे. गोळे व काड्या जोडून त्यांनी आपल्या कचेरीतच एक प्रतिकृती रचली. दर पाच मिनिटांनी कोणी तरी येऊन काम मोडी, आणि मागचे ध्यानात राहत नसे. हे त्यांना हवेच होते! रचणाऱ्याच्या हाताला व्यवस्थेची खोड असते, ती अशी मोडते. पुढे सहकाऱ्याबरोबर त्यांनी एकावर एक कशाही पडलेल्या गोळ्यांवर काळा रंग ओतला, आणि सुकल्यावर उरलेल्या खुणांवरून कोण कोणाला टेकले होते ते मोजले.

सुबक रचलेले गोळे शेकडा ७४ जागा व्यापतात, नुसते हलवून बसवलेले सुमारे ६४. शिवाय बर्नालना पाच बाजूंच्या आकृती वारंवार आढळल्या. आता, नियमित पंचकोनी फरशीने जमीन फटीवाचून मढवता येत नाही, हे कोणताही गवंडी सांगेल. अशा शेजारातून स्फटिकाची लांब रांग उभी राहत नाही.

परंतु हे गोळे निश्चल. रसातले अणू तर क्षणभरही स्वस्थ नसतात. ती उणीव अनीसूर रहमान यांनी भरून काढली. मराठवाडा ज्या संस्थानात होता, त्याच्या राजधानीत, हैदराबादेत, १९२७ साली ते जन्मले. अमेरिकेतील आरगॉन प्रयोगशाळेत १९६४ साली त्यांनी द्रवरूप अरगॉन वायूच्या ८६४ अणूंची हालचाल गणकयंत्रावर पावलापावलाने काढली. १९७४ साली त्यांनी रुबिडियम हा धातू घेतला. वितळलेल्या रुबिडियममध्ये अगदी आखूड लहरीही धावतात, असे त्यांच्या गणिताने दाखवले. आणि त्याच वर्षी न्यूट्रॉनांच्या प्रयोगात त्या प्रत्यक्ष सापडल्या.