कच्चा आहार आणि पचन
कच्चा आहार म्हणजे अन्न न शिजवता, किंवा साधारण ४० ते ४८ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक तापू न देता खाण्याची पद्धत. निसर्गोपचारात तिला अपक्वाहार असेही म्हणतात. फळे, पालेभाज्या, गाजर, काकडी, मोड आलेली कडधान्ये आणि भिजवलेला सुकामेवा हा तिचा मुख्य भाग असतो. काही जण कच्चे दूध, अंडी आणि मासेही खातात.

झ्युरिकचे डॉक्टर बिर्खर-बेनर यांनी १९०० च्या सुमारास आपल्या रुग्णांना किसलेले सफरचंद, भिजवलेले ओट आणि सुकामेवा द्यायला सुरुवात केली. आजच्या म्यूस्लीचे मूळ तेच. गांधीजींनी १९२९ मध्ये मोड आलेले गहू, वाटलेले बदाम, कच्ची भाजी, लिंबू आणि मध यांवर राहण्याचा प्रयोग केला व ‘यंग इंडिया’त त्याविषयी लिहिले. त्याच वर्षी आमांश झाल्यावर त्यांनी तो थांबवला.

कच्च्या अन्नातील विकरे पचनाला मदत करतात, शिजवल्याने ती मरतात आणि शरीरावर ताण येतो, हा या पद्धतीचा आवडता दावा. तो टिकत नाही. विकरे ही प्रथिनेच असल्याने बहुतेक विकरे जठरातील आम्लात निकामी होतात आणि इतर प्रथिनांसारखी पचतात. अन्न पचवणारी विकरे लाळेतून, जठरातून, स्वादुपिंडातून आणि लहान आतड्याच्या अस्तरातून येतात.

पचनाचे बरेचसे काम चुलीवरच सुरू होते. पाण्यात शिजताना पिष्टाचे कण फुगून फुटतात आणि विकरांना वाट मिळते. कच्च्या बटाट्यातले बरेच पिष्ट मात्र लहान आतड्यातून तसेच पुढे जाते. बेल्जियममध्ये १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शिजवलेल्या अंड्यातील सुमारे ९१ टक्के प्रथिन पचले, तर कच्च्या अंड्यातील केवळ ५१ टक्के. गाजरातील बीटा-कॅरोटिन आणि टोमॅटोतील लायकोपीनही शिजवल्यावर अधिक शोषले जातात. उलट क जीवनसत्त्व उष्णतेने घटते आणि उकळलेल्या पाण्यात उतरते, म्हणून पेरू, आवळा, कोथिंबीर कच्चे खाणेच फायद्याचे.

न पचलेले पिष्ट आणि तंतू मोठ्या आतड्यात गेले की तिथले जीवाणू ते आंबवतात. त्यातून तयार होणारी लघुशृंखल मेदाम्ले आतड्याच्या अस्तराला पोसतात, आणि तंतूंमुळे शौचास साफ होते. हा कच्च्या आहाराचा खरा लाभ आहे, तरी तंतू शिजवलेल्या भाजी-उसळीतूनही मिळतातच. त्याच आंबण्यातून वायूही होतो. एकदम सगळे कच्चे खाणाऱ्याचे पोट फुगते, गुडगुडते, कधी जुलाब होतात. प्रमाण हळूहळू वाढवले, नीट चावून खाल्ले तर बहुतेकांना ते सोसते. आतड्याच्या संवेदनशीलतेचा विकार असणाऱ्यांना मात्र त्रास राहू शकतो.

दीर्घकाळ केवळ कच्चे खाणाऱ्यांचा जर्मनीतील गीसेन विद्यापीठाने केलेला अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अनेकांचे वजन फार घटलेले आढळले. ४५ वर्षांखालील सुमारे ३० टक्के स्त्रियांची पाळी अनियमित झाली होती किंवा थांबली होती. प्राणिज पदार्थ वर्ज्य केल्यास बी-१२ जीवनसत्त्वाची उणीवही होते.

कडधान्यांबाबत अधिक जपायला हवे. कच्च्या राजम्यातील लेक्टिनमुळे थोड्याच दाण्यांनीही उलट्या-जुलाब होतात. तो भिजवून, ते पाणी फेकून, खळखळून उकळावाच लागतो. मटकी-मुगाला मोड आणले की फायटेट आणि वायू करणाऱ्या शर्करा कमी होतात, पण त्याच ओल्या उबेत रोगजंतूही वाढतात. २०११ मध्ये जर्मनीत मेथीच्या मोडांतून पसरलेल्या ई. कोलायच्या साथीत पन्नासहून अधिक माणसे दगावली.

मराठी जेवणात कोशिंबीर ताटाच्या डाव्या बाजूला, शिजवलेल्या अन्नासोबत असते, आणि तिच्यातल्या दाण्याच्या कुटातील मेदामुळे कॅरोटिन शोषायला मदत होते. निरोगी माणसाला कच्चे इतके आणि असे पुरेसे आहे. गर्भवती, लहान मुले, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी मोड वाफवूनच खावेत, आणि केवळ कच्च्या आहारावर राहू नये.