तगाई ते मदत : महसुली भाषेचा एक प्रवास

‘तगाई’ हा शब्द आता कोशात आणि जुन्या कादंबऱ्यांतच भेटतो. मूळ अरबी ‘तकावी’. अर्थ, बळ देणे. १६७६ साली शिवाजी महाराजांनी प्रभावळीच्या सुभेदारास धाडलेल्या पत्रात हीच कल्पना आहे : ज्याच्यापाशी बैल नाही त्याला बैलासाठी पैसा द्यावा, खाण्यास दाणा द्यावा आणि पुढे ऐपतीप्रमाणे केवळ मुद्दल उगवावे. हे दान नव्हे, कर्जच. पण शेतकऱ्याच्या कुवतीचा हिशेब त्यात आहे.

इंग्रजी अमलात तगाईला कायद्याचे रूप आले ते मोठ्या किमतीनंतर. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले; पाठोपाठ १८७६-७८चा दुष्काळ आला. त्यानंतर १८८३चा जमीन सुधारणा कर्जाचा आणि १८८४चा शेतकरी कर्जाचा, असे दोन कायदे झाले. (जोतीरावांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ही १८८३चाच.) बी आणि जनावरे यांसाठी सरकार पैसा देऊ लागले खरे, मात्र थकलेली तगाई जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होई. सावकाराच्या जागी सरकार आले, एवढेच म्हणणे अन्यायाचे होईल. पण जप्तीचे भय काही गेले नाही.

सारा तहकूब करायचा की सूट द्यायची, हे आणेवारी ठरवी. सोळा आणे म्हणजे भरपूर पीक. १९१८चा खेडा सत्याग्रह मुख्यतः याच मोजणीवरचा वाद होता : पीक चार आण्यांच्या खाली की वर? १९५७ साली नाणे दशमान झाले, तशी आणेवारीची ‘पैसेवारी’ झाली आणि पन्नास पैशांची रेषा आली. रूपक बदलले, दोष राहिला. पैसेवारी गावाची निघते, शेताची नाही. ओढ्याकाठचा मळा आणि माळावरचे रान एकाच आकड्यात बसते.

अवकाळी पावसाचा पंचनामा मात्र शेतनिहाय होतो. २०१५पासून ३३ टक्के नुकसान पात्र ठरते. त्यापूर्वी ५० टक्के लागे. २०१९च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसानंतर राष्ट्रपती राजवटीत राज्यपालांनी खरिपासाठी हेक्टरी ८,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, जाहीर केले. म्हणजे गुंठ्याला सुमारे ८० रुपये. चाकण-खेड पट्ट्यात हा भागाकार विशेष बोचतो, कारण तिथे गुंठा हे जमिनीच्या लाखांच्या व्यवहाराचे माप आहे. औद्योगिक महामंडळाने जमीन घेतली की मिळतो तो ‘मोबदला’. पीक बुडाले की मिळते ती ‘मदत’. पहिल्या शब्दात हक्क आहे, दुसऱ्यात उपकार. तगाई परत करावी लागे, मदत परत करावी लागत नाही. तरीही कर्जदाराला जी प्रतिष्ठा होती ती लाभार्थ्याला नाही, असे मला वाटते.

आणि ही मदत जाते सातबाऱ्यावरच्या नावाकडे. खातेदार कारखान्यात कामाला, रान दुसऱ्याकडे वाट्याने, अशी शेते या पट्ट्यात आहेत. तो वाटा कागदावर येत नाही, कारण लिहून दिले तर कूळ लागेल ही धास्ती १९४८च्या कूळकायद्यापासून घराघरांत मुरलेली आहे. कसणाऱ्याच्या रक्षणासाठी केलेल्या कायद्याच्या भीतीनेच कसणाऱ्याचे नाव पुसले. कांदा त्याचा सडतो, आणि पंचनाम्यात तो फार तर पंच म्हणून सही करतो.