पोथी, पासोडी आणि संगणकाची लायब्ररी

बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई हे गाव जुन्या मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांस तीर्थक्षेत्राइतकेच प्रिय आहे. मुकुंदराजांची समाधी येथे आहे आणि दासोपंतांची (१५५१–१६१५) कर्मभूमीही हीच. दासोपंतांचे ग्रंथ पुष्कळ. परंतु पाहणाऱ्याच्या मनावर कायमचा ठसा उमटतो तो त्यांच्या पासोडीचा. पासोडी म्हणजे पांघरावयाचे जाडेभरडे वस्त्र. पंचीकरणासारखा गहन विषय त्यांनी सुमारे ४० फूट लांबीच्या एका वस्त्रावर ओव्या आणि आकृत्या यांसह उतरविला. विवेचन एकीकडे आणि आकृत्या दुसरीकडे अशी फाटाफूट तेथे नाही. वस्त्र उलगडले की सर्व सामग्री समोर.

याच्या अगदी उलट रीत संस्कृत टीकाकारांची. टीकेच्या कित्येक पोथ्यांत मूळ श्लोक संपूर्ण लिहिलेला नसतो. त्याचे आरंभीचे एकदोन शब्द तेवढे देतात; त्यास प्रतीक म्हणतात. मूळ ग्रंथ वाचकापाशी आहेच असे गृहीत धरून टीकाकार पुढे चालतो. यात कागद वाचतो आणि नकलकाराचे श्रमही वाचतात. परंतु वाचकाजवळ मूळच नसेल तर टीका मुकी होते. त्याहूनही वाईट म्हणजे मूळ आहे, पण पाठ निराळा आहे! मग टीकाकार ज्या शब्दावर पानभर लिहितो, तो शब्दच पोथीत सापडत नाही. दासोपंतांचे समकालीन एकनाथ महाराज यांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढे कोणी तीत आपली ओवी घालू नये अशी ताकीदही दिली, ती याच जातीच्या दुखण्यावर उपाय म्हणून.

सगळे एका वस्त्रात गुंडाळावे, की नुसते प्रतीक देऊन बाकीचे वाचकावर सोपवावे, हा पेच पोथ्यांबरोबर संपला असे कोणास वाटेल. तसे झालेले नाही. संगणकाचे प्रोग्राम रचणाऱ्यांस गेली पाऊणशे वर्षे तोच पेच पडत आला आहे, आणि मौज अशी की त्यांच्याही भांडारास 'लायब्ररी' असेच नाव आहे.

केंब्रिज विद्यापीठातील एडसॅक हा संगणक ६ मे १९४९ रोजी प्रथम चालला. मॉरिस विल्क्स आणि त्यांचे तरुण सहकारी डेव्हिड व्हीलर यांच्या लवकरच ध्यानात आले की, वर्गमूळ काढणे, आकडे छापणे अशी कामे प्रत्येक प्रोग्रामात पुन्हा पुन्हा येतात. ती एकदा नीट लिहून, तपासून, भोके पाडलेल्या कागदी फितींवर कपाटात ठेवली म्हणजे झाले. ज्यास जे हवे त्याने ती फीत काढावी, तिची नक्कल आपल्या फितीत उतरवावी आणि मूळ फीत जागेवर ठेवावी. ही संगणकाची पहिली नावाजलेली लायब्ररी. येथील रीत पासोडीची होती. जे लागते ते आपल्याच फितीत. अशी फीत कोठेही न्यावी, ती स्वयंपूर्णच असावयाची.

पुढे प्रोग्राम वाढले, शेकडो फाइलींत विभागले गेले, आणि एक नवीनच संकट उभे राहिले. कोणती फाइल कोणत्या फाइलीवर अवलंबून आहे हे माणसाच्या ध्यानात राहीना. १९७६ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टीव्ह जॉन्सन नावाचे गृहस्थ संतापून आपले सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत शिरले. एका प्रोग्रामातील चूक शोधण्यात त्यांची सबंध सकाळ वाया गेली होती. वस्तुतः चूक त्यांनी आधीच दुरुस्त केली होती. दुरुस्त फाइलीवरून यंत्राची प्रत नव्याने बनवावयाचे मात्र राहून गेले होते. फेल्डमन यांनीही आदल्या रात्री असाच त्रास भोगला होता. त्यातून 'मेक' हे साधन जन्मास आले.

मेकची युक्ती कोणाही गृहिणीस पटण्यासारखी आहे. पोळीस कणीक आणि पुरण लागते. पुरणास शिजलेली डाळ आणि गूळ लागतो. हे नाते एकदा लिहून ठेवावे. मग पुरण बदलले तर पोळ्या नव्याने लाटाव्या लागतील, परंतु कणीक पुन्हा मळण्याचे कारण नाही. मेक प्रत्येक फाइलीची वेळ पाहते. ज्या वस्तूचा आधार तिच्यापेक्षा नवा, तेवढीच वस्तू पुन्हा बनविते. आधारांचे हे जाळे आधी मांडावयाचे आणि मुळापासून शेंड्याकडे काम करीत यावयाचे, हे तत्त्व त्यानंतरच्या अशा बहुतेक साधनांनी उचलले. अट एवढीच की, अ ला ब हवे आणि ब ला पुन्हा अ हवे असा फेरा त्यात नसावा.

मेकची दृष्टी मात्र घरापुरती होती. परक्याने लिहिलेली लायब्ररी कोठून आणावी, आणि त्या लायब्ररीस लागणाऱ्या आणखी चार लायब्रऱ्या कोठून आणाव्या, हा प्रश्न इंटरनेटच्या काळात बिकट झाला. जावा भाषेच्या जगात 'मेव्हन' या साधनाने त्यास वळण लावले. लायब्ररी बांधताना तिच्यासोबत एक चिठ्ठी ठेवावयाची. तीत आपल्याला काय काय लागते ते कुल, नाव आणि आवृत्तीचा अंक यांसह लिहावयाचे. बाकीचा माल गाठोड्यात भरावयाचा नाही. २००५ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून मेव्हन त्या चिठ्ठ्या वाचून आधारांचे आधारही आपण होऊन आणू लागले. ही प्रतीकाची रीत होय. एकच लायब्ररी दोघांनी दोन निरनिराळ्या आवृत्त्यांत मागितली, तर मागणीच्या साखळीत जी जवळची, ती मेव्हन उचलते. हा न्याय सोपा आहे. नेहमी शहाणपणाचा असतोच असे नाही.

जावास्क्रिप्टच्या 'एनपीएम'ने (२०१०) प्रारंभी वेगळाच तोडगा काढला. प्रत्येकास ज्याची त्याची प्रत. दोन लायब्रऱ्यांना तिसरीच्या दोन आवृत्त्या हव्या असतील तर दोन्ही ठेवा. भांडण मिटले, पण घरात एकाच वस्तूचे पाचपाच नग झाले. शिवाय काही वस्तू दोन असून चालतच नाहीत. पडद्यावरील पाने रचणारी 'रिअॅक्ट' ही लायब्ररी अशीच आहे. तिच्या दोन प्रती एका पानात शिरल्या तर एकीची नोंद दुसरीस दिसत नाही आणि काम अडते. म्हणून तिच्यावर आधारलेली लायब्ररी बांधणाऱ्याने रिअॅक्ट गाठोड्यात घालावयाची नसते. 'ही यजमानाच्या घरची वापरीन' एवढेच लिहावयाचे असते.

प्रतीकाच्या रीतीचा धोका २२ मार्च २०१६ रोजी उघडा पडला. अझेर कोचुलू या प्रोग्रामकाराचा एका लायब्ररीच्या नावावरून वाद झाला. निर्णय आपल्याविरुद्ध गेल्याचे पाहून त्यांनी आपल्या सर्वच लायब्रऱ्या, अडीचशेहून अधिक, एनपीएमच्या भांडारातून काढून घेतल्या. त्यांत 'लेफ्ट-पॅड' नावाची अवघ्या ११ ओळींची एक होती. शब्दाच्या डावीकडे मोकळी जागा भरणे, एवढेच तिचे काम. परंतु मोठमोठ्या लायब्रऱ्यांच्या चिठ्ठ्यांत, कोठे तिसऱ्या तर कोठे चौथ्या पायरीवर, तिचे नाव लिहिलेले होते. जगभर बांधणीची कामे खोळंबली. ज्यांनी तिचे नावही कधी ऐकले नव्हते त्यांचीही. ज्यांनी तिची नक्कल आधीच आपल्या गाठोड्यात घेतली होती, त्यांना मात्र झळ लागली नाही. एनपीएमने काही तासांतच ती लायब्ररी परत आणली आणि लिखाण काढून घेण्याचे नियम पुढे कडक केले. कोचुलू यांचे वागणे कित्येकांस पोरकट वाटले. पण आपल्या फुकट दिलेल्या श्रमांवर आपला हक्क किती, हा त्यांचा प्रश्न अगदीच फोल नव्हता.

तर मग पासोडीच बरी असे म्हणावे, तो डिसेंबर २०२१ ने तेही समाधान हिरावले. जावामधील नोंदी ठेवणाऱ्या 'लॉग-फोर-जे' या सर्वत्र वापरात असलेल्या लायब्ररीत एक भयंकर छिद्र आढळले. बाहेरच्या माणसाने रचलेला एक मजकूर नोंदीत शिरला की यंत्र त्याच्या ताब्यात जाऊ शके. दुरुस्त आवृत्ती तत्परतेने निघाली. ज्यांनी नुसते नाव लिहिले होते त्यांनी अंक बदलला, पुन्हा बांधणी केली, आणि ते मोकळे झाले. परंतु पुष्कळांनी ती लायब्ररी आपल्या गाठोड्यात कोंबली होती. कोणी आवृत्तींची भांडणे टाळण्यासाठी तिचे आतील नावही बदलले होते. गाठोड्यात गाठोडे, त्यात आणखी एक. आपल्या घरात ती आहे की नाही हेच कित्येक संस्थांना सांगता येईना. नाताळच्या सुट्टीत माणसे एकेक गाठोडे उसवीत बसली.

अलीकडे कुलुपाच्या फाइली आल्या आहेत. बांधणीच्या दिवशी कोणती वस्तू कोणत्या आवृत्तीची होती हे त्या नेमके नोंदून ठेवतात. नाथांच्या शुद्ध प्रतीशी त्यांचे साम्य आहे; मात्र लायब्ररीच्या कर्त्याने घातलेले कुलूप एनपीएममध्ये त्याच्या स्वतःच्या घरापुरतेच चालते, ती वापरणाऱ्यास बांधीत नाही. म्हणून लॉग-फोर-जेच्या अनुभवानंतर गाठोड्यावरच आतील सर्व मालाची यादी लावण्याच्या मागणीस जोर चढला. भारत सरकारच्या 'सर्ट-इन' या संस्थेनेही ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा याद्यांसंबंधी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. सॉफ्टवेअरमध्ये कोणते घटक आहेत, ते कोणाचे, कोणत्या आवृत्तीचे आणि पुढे कशावर अवलंबून आहेत, हे त्या यादीत लिहावयाचे असते.